तिवई

'तीन तिघाडा, काम बिघाडा' म्हणणाऱ्या भाषेत कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचं कौतुक करायचं म्हणजे जरा अवघडच. पण आमच्या स्वयंपाकघरातलं चार पायांचं टेबल कित्येक वर्षं एका पायाखाली कागदाची घडी घेऊन उभं आहे. तीन पायांच्या वस्तूला ती वेळ येत नाही. जमीन कितीही उंचसखल असो, तीन पाय एकदम टेकतात. चौथा आला की भांडण सुरू. आई ट्रायपॉडला तिवई म्हणते, आणि मला तोच शब्द बरा वाटतो. तिवई डुगडुगत नाही. थरथरते मात्र. हा फरक कळायला मला दोन तिवया लागल्या.

पहिली एका लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून जुनी घेतली. तीन किलोंची, मिटली तरी हातभर लांब. वजनाचं काही नाही हो, आपण गिरणीतून दळण आणणारी माणसं. लोकलमध्ये नडते ती लांबी. एकदा दादरला उतरताना तिचा एक पाय पुढच्या काकांच्या पाठीत रुतला. काका मागे न बघताच म्हणाले, "बंदूक आवरा तेवढी." त्यानंतर ती कपाटावर गेली ती गेलीच.

मग दुसऱ्या टोकाला गेलो. ऑनलाइन, आठशे ग्रॅम, पाय उदबत्तीसारखे. ती घेऊन जूनमध्ये वांद्रे रेक्लमेशनला सी लिंकचा फोटो काढायला गेलो. संध्याकाळ उतरत होती, दिवे नुकतेच लागले होते, शटर आठ सेकंद उघडं. मागच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास. घरी येऊन मोठा करून बघतो तर पुलाची एकेक केबल दोनदोनदा आलेली. समुद्राकडून वारा येत होता आणि उदबत्त्या त्याला मान डोलावत होत्या. खरं तर मी मधल्या दांडीच्या आकड्याला पाठीवरची बॅग टांगली होती, वजन यावं म्हणून. वाऱ्याने बॅगेचाच झोपाळा केला आणि तिने सगळं आणखी हलवलं. बॅग जमिनीला जेमतेम टेकेल इतपत खाली सोडायची असते, हे मागाहून कळलं.

तिसऱ्या वेळी मात्र फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो. वस्तू हातात घेतल्याशिवाय घ्यायची नाही, असं ठरवूनच. दुकानदाराने आधी डब्यावरचा आकडा दाखवला: आठ किलो पेलते. माझा कॅमेरा लेन्ससकट दीड किलोसुद्धा नाही. आठ किलोंनी मोडणार नाही आणि दीड किलो हलणार नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी तिवई पूर्ण उघडली, वरून तळव्याने दाबली आणि बरणीचं झाकण फिरवावं तसा तिच्या डोक्याला, म्हणजे कॅमेरा बसतो त्या भागाला, हलका पीळ देऊन बघितला. पाच तुकड्यांच्या पायाची मिटल्यावरची लांबी मोहात पाडणारी होती, पण शेवटचा तुकडा पेन्सिलीएवढा, आणि पीळ दिला की तिथेच लचकत होता. शिवाय पाच तुकडे म्हणजे एका पायाला चार लॉक, तीन पायांना बारा. अंधारात बारा लॉक पिळायचे, आणि एक राहिला की कॅमेरा सावकाश एका अंगाला बसतो. चार तुकड्यांना नऊच.

मधली दांडी वर न काढता उंची किती, हेही पाहिलं. ती दांडी वर काढणं म्हणजे तीन पायांच्या टोकावर एक पाय उभा करणं. मला छातीपर्यंत आली, पुरे. कॅमेऱ्याचा पडदा वर वळतो, मान मोडावी लागत नाही.

शेवटी प्रश्न उरला ॲल्युमिनियम की कार्बन फायबर. त्याच मापात कार्बनवाली तीनशे ग्रॅमने हलकी आणि किमतीला जवळजवळ दुप्पट. तीनशे ग्रॅम म्हणजे दोनेक वडापाव. ते मी नाहीतरी कसाऱ्याला उतरल्यावर खातो आणि पोटातून गडावर नेतो. ॲल्युमिनियम घेतली. पाय उलटे वळून डोक्याभोवती मिटतात, त्यामुळे मिटली की पाठीवरच्या बॅगेत मावते. कुणाच्या पाठीत रुतत नाही.

बॅगेत मावण्याचा आणखी एक फायदा या शहरात आहे. गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस पर्यटक असतो. तिवई उघडली की तो 'शूटिंगवाला' होतो. एका ठिकाणी (नाव कशाला घ्या) मी दुसरा पाय उघडेपर्यंत शिट्टी वाजली. "परमिशन?" तेव्हापासून माझी मिटवण्याची चपळाई वाखाणण्यासारखी आहे. आणि जिथे कुणी अडवत नाही, त्या रेल्वेवरच्या पादचारी पुलांवर खुद्द पूलच हलतो. खालून फास्ट गेली की थरथर तळपायांना कळते. दोन गाड्यांच्या मधला वेळ हेरायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा, श्वास धरायचा.

तिने खरं काम केलं ते हरिश्चंद्रगडावर. कोकणकड्याजवळ पौष महिन्यातली अमावास्या. ताऱ्यांच्या फोटोचा ठोकताळा असा: पाचशेला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं, येतील साधारण तेवढे सेकंद शटर उघडं ठेवलं तरी तारे ठिपक्यासारखे राहतात. माझ्या वीसच्या लेन्सला पंचवीस. पाय आखूडच ठेवले, बॅग खाली टेकवून टांगली आणि बोटं गारठून गेली तरी एकही तारा दुहेरी आला नाही.

यंदा पाडव्याच्या पहाटे गिरगावच्या शोभायात्रेला निघायचं म्हणून उठलो, तर कोपऱ्यात तिवई नाही. स्वयंपाकघरात दिवा लावला. ओट्याशेजारी ती तिन्ही पाय फाकवून उभी, आकड्याला पंचातलं दोन किलो दही, खाली पातेलं.

"नळाला बांधलं की रात्रभर पाणी घेता येत नाही," आई अंथरुणातूनच म्हणाली. "आणि हलवू नकोस, अजून पाणी सुटतंय."

पाय पुरते पसरलेले, मधली दांडी पार खाली. मी पंचाला बोट लावून बघितलं. थेंब पडत होता, तिवई जागची हलत नव्हती. मी नुसता कॅमेरा गळ्यात अडकवला आणि सहाची लोकल पकडली.