ताणला जाणारा चौकोन

आज दिवसभर सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, मामांच्या कारखान्यात होतो. चादरीच्या नक्षीसाठी त्यांना छोटा प्रोग्रॅम लिहून देतोय. माऊस दाबून ओढला की चौकोन ताणत जायला हवा, सोडला की तिथंच पक्का. पण ओढताना मागे चौकोनांची रांगच उरायची, खालचा मोर पार झाकून जायचा.

मग जुनी एक्सॉरची युक्ती लावली, म्हणजे रेघ रंगवायची नाही, तिच्याखालच्या पिक्सेलचे रंग उलटवायचे. तीच रेघ त्याच जागी दुसऱ्यांदा काढली की खालचे पिक्सेल जसेच्या तसे परत येतात. इतकी सुंदर गोष्ट, मला अजून नवल वाटतं! फक्त मधल्या करड्या रंगावर रेघ दिसेनाच. रंगाचे आकडे ० ते २५५, त्यातला १२८ उलटवला की १२७, डोळ्याला काय कळणार? शेवटी नक्षी खालच्या थरात ठेवली आणि तात्पुरता चौकोन वरच्या पारदर्शक थरात. माऊस हलला की फक्त वरचा थर पुसायचा.

मामा म्हणाले, "आम्ही पण ग्राफ पेपरवर आधी पेन्सिलीनंच आखायचो की."

संध्याकाळी त्यांनी स्वतः मोराभोवती चौकोन ओढला, दोनदा लहान-मोठा केला, मग बोट उचललं. यंत्रमागांच्या खडखडाटातही त्यांचं "जमलं की रं!" नीट ऐकू आलं.