आमचं लग्न नक्की कधी झालं?

पुढच्या आठवड्यात मुंबईला, बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये माझा स्पाउस व्हिसाचा इंटरव्ह्यू आहे (नवरा तिकडचा सिटिझन), त्यामुळे घरात सध्या सगळेच ऑफिसर झालेत. काल दादा फाईल घेऊन समोर बसला आणि पहिलाच प्रश्न, लग्न कधी झालं? मी पटकन, डिसेंबरमध्ये, म्हार्दोळला. झालं, पहिल्याच बॉलला विकेट! कारण आय-१३० वर (बायकोसाठी नवऱ्याने तिकडे भरलेला अर्ज) आणि सर्टिफिकेटवर तारीख फेब्रुवारीची.

गोव्याबाहेरच्यांना हे सांगत बसावं लागतं. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा कायदा, आधी रजिस्ट्रारकडे पहिली सही, मग कोणाची हरकत असेल तर म्हणून नोटीस, मग काही दिवसांनी दुसरी सही, की झालात कायद्याने नवरा-बायको. पण घरात कोण मानतंय! दुसरी सही करून आम्ही फोंड्यात भाजी-पाव खाल्ला, मी आईबरोबर घरी, तो त्याच्या घरी, आणि चार दिवसांनी विमानात. आईच्या लेखी लग्न म्हणजे अंतरपाट, अक्षता, जायांच्या माळा. माझ्याही, खरं सांगायचं तर.

बरं, ही तारीख नुसती कागदापुरती पण नाही. तिकडे एन्ट्री घ्यायच्या दिवशी लग्नाला २ वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड कंडिशनल, २ वर्षांचंच, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा, म्हणजे लग्न खरं आहे हे परत दाखवायचं. आणि ही २ वर्षं मोजायची सहीपासून, अक्षतांपासून नाही!

बाकी मेडिकल झालं, पासपोर्ट ऑफिसातून पीसीसी (पोलिसांचा दाखला) आलं, नवऱ्याने आय-८६४ (माझ्या खर्चाची हमी) आणि टॅक्सचे कागद पाठवले. फोटोंवरून मात्र भांडण. मी स्टुडिओचा अल्बम काढलेला, दादाने तो बाजूला सारला आणि गेल्या चवथीचा फोटो वर ठेवला, मी आणि नवरा स्टुलावर चढून माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) बांधतोय, हा घामाघूम, मागे आई ओरडतेय. माझे केस भयाण आलेत त्यात, पण ठेवला.

रात्री व्हिडिओ कॉलवर नवऱ्याला सहज विचारलं, आपलं लग्न कधी झालं रे? म्हणाला, डिसेंबर ना. फॉर्म यानेच भरलेला! नशीब, त्याला खिडकीसमोर उभं राहायचं नाहीये.