तुम्ही विचारलंत म्हणून: तो हिरव्या सैनिकांचा गेम

आवडता व्हिडिओ गेम कोणता असं विचारलं की मी ‘आर्मी मेन: सार्जेस हिरोज’ म्हणते, म्हणजे प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचा गेम, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: का? विद्यार्थी विचारतात, सहकारी विचारतात. भाच्याने तर कुणीतरी त्या गेमची पार सालं काढलेला व्हिडिओच पाठवला आणि खाली लिहिलं, मावशी, सीरियसली? माझं उत्तर दरवेळी अर्ध्यावर राहतं, कारण तोवर समोरचा हसायला लागलेला असतो. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आधी एक विनंती. त्या गेमचे दोष मला परत समजावून सांगू नका. कॅमेरा ऐन वेळी नको तिकडे वळतो, नेम धड लागत नाही, शत्रू गोळ्या खायला उभे असल्यासारखे उभे असतात, हे मला पाठ आहे. १९९९ मध्ये तो निन्टेंडो ६४ या गेम खेळायच्या यंत्रावर आला तेव्हा त्याला बरं म्हणणारे काही जण तरी होते. २००० मध्ये तो प्लेस्टेशन या दुसऱ्या यंत्रावर आला. मी लेव्हल डिझाइन, म्हणजे गेममधल्या टप्प्यांची आखणी, शिकवते. एखाद्या विद्यार्थ्याने असा कॅमेरा करून आणला तर मी त्याला परत पाठवीन. गेम काढणाऱ्या कंपनीचंही मी समर्थन करत नाही. ज्या ट्रिप हॉकिन्सने १९८२ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही गेम कंपनी सुरू केली, त्याचीच थ्रीडीओ ही दुसरी कंपनी. तिने १९९८ पासून पाचेक वर्षांत हिरव्या सैनिकांचे डझनभराहून जास्त गेम बाजारात ओतले. लोक विटले. २००३ च्या मे महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. घाईत केलेलं काम घाईत केल्यासारखंच दिसतं, याबद्दल माझा वाद नाही.

माझा वाद वेगळा आहे.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचो. १६० चौरस फुटांची एक खोली. दादाने कुणाकडून तरी जुना प्लेस्टेशन आणला, त्यात कॉपी केलेल्या सीडी चालाव्यात म्हणून आधीच चिप बसवलेली होती. सीडी लॅमिंग्टन रोडवरून यायच्या, पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात, वर मुखपृष्ठाची झेरॉक्स. सार्जेस हिरोज तसाच आला. दादाने सीडी लावली, आणि टीव्हीवर चित्र आलं ते कृष्णधवल.

टीव्ही कलरच होता. त्यावर क्रिकेट रंगीत दिसायचं, आईची मालिका रंगीत दिसायची. पण सीडी अमेरिकन बाजारातली, म्हणजे तिकडच्या एनटीएससी या रंगपद्धतीची, आणि आमचा जुना टीव्ही फक्त आपल्याकडची पाल पद्धत ओळखणारा. त्याला चित्र समजायचं, रंग समजायचा नाही. दुकानदार म्हणाला, मल्टी-सिस्टिम टीव्ही घ्या. आम्ही नुसते घरी आलो.

आता या गेममध्ये युद्ध कुणाचं आहे? हिरव्यांचं आणि मातकट रंगाच्या, गेमच्या भाषेत ‘टॅन’, सैनिकांचं. गणवेश नाही, झेंडा नाही, प्लॅस्टिकचा रंग हीच ओळख. आणि आमच्या पडद्यावर दोघेही करडे. जमीन करडी, झाडं करडी, त्यात उभा असलेला माणूसही करडा. पहिल्याच मोहिमेत हिरव्यांच्या तळावर हल्ला होतो. समोर हललेली आकृती आपली की त्यांची, हे ठरवेपर्यंत सार्ज, म्हणजे आपण खेळतो तो हिरवा सैनिक, पडलेला असायचा. “अगं तो आपला होता!” दादा ओरडायचा, आणि पुढच्या खेपेला स्वतः तेच करायचा.

मग आम्ही बघायला शिकलो. बंदूक कुठे रोखलीय. पाठ कुणाकडे आहे. गुडघा टेकून बसलेला आहे की पोटावर झोपलेला. बाझूका खांद्यावर असेल तर रेष कशी तुटते, सुरुंग शोधणाऱ्याच्या हातातली काठी किती लांब दिसते. थोड्या दिवसांनी मला आकृती दिसायच्या आधी तिची ढब दिसायला लागली.

आणि मग ते दार. टॅन सैन्याचा प्रमुख जनरल प्लास्ट्रो याला खऱ्या जगात जायची दारं सापडलेली असतात, त्यामुळे सार्जही आपल्या जगात येतो, आणि आपलं जग म्हणजे कुणाचं तरी घर. बाथरूम ही एक मोहीम, किचन ही एक, दिवाणखाना आणखी एक. बाहेरच्या माणसाला यात गंमत वाटेल. मला धक्का बसला होता. आमच्याकडे ओटा, मोरी, पलंग आणि टीव्ही एका खोलीत होते, संडास मजल्याच्या टोकाला. ‘जागा कुठाय’ हे वाक्य आमच्या घरात रोज कुणीतरी म्हणायचं. आणि इथे कुणीतरी सांगत होतं की ओटा ओलांडणं ही एक मोहीम असू शकते. दिवाळीत गॅलरीत किल्ला करायचो तेव्हा हे मला हाताने माहीत होतं: हळीव पेरलं की ती झाडी, बोटभर मावळा बुरुजावर ठेवला की बुरूज उंच होतो. पण किल्ला चार दिवसांत मोडावा लागायचा, शेजाऱ्यांना जायला वाट हवी असायची. हा गेम मोडावा लागत नव्हता.

आता ज्या दिवसामुळे मी हे लिहितेय तो सांगते.

शिक्षण झाल्यावर गोरेगावातल्या एका गेम कंपनीत मी मुलाखतीला गेले. नाव सांगत नाही. समोर तिघं होते. माझं काम त्यांनी नीट पाहिलं, एका लेव्हलच्या नकाशावर बराच वेळ चांगली चर्चाही झाली. मग त्यांच्यातल्या वयाने मोठ्या सरांनी आवडता गेम विचारला. मी सांगितला. बाकीचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. सर हसले नाहीत. ते म्हणाले, “पटवून द्या.” मी वर लिहिलं ते सगळं सांगितलं, करडा पडदा, ढब ओळखणं, ओटा. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “पुढे कधी रंगीत टीव्हीवर खेळलात?”

मी खरं ते सांगितलं. खेळले. दादाला नोकरी लागल्यावर नवा टीव्ही आला, सगळे रंग दिसायला लागले. दादा खूश झाला. मला गेम सोपा वाटायला लागला आणि लहानही. काही दिवसांत मी तो सोडला.

“म्हणजे तुम्हाला तो गेम आवडत नाही,” सर म्हणाले. “तुम्हाला तुमच्या टीव्हीतला बिघाड आवडतो. डिझायनरने जे केलं ते दिसल्यावर तुम्ही उठून गेलात.” आवाज चढलेला नव्हता, टोमणा नव्हता. म्हणूनच ते लागलं. मला उत्तर सुचलं नाही. माझी फाइल त्यांनी बंद करून माझ्याकडे सरकवली. बाकीच्या दोघांनी पुढे पगाराचं वगैरे विचारलं, पण ते संपलंय हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. गोरेगाव ते दादर मी लोकलच्या दारात उभी राहून आले आणि सगळा वेळ त्या एका वाक्याशी भांडत होते.

उत्तर फार उशिरा सुचलं. प्लॅस्टिकचा खेळण्यातला सैनिक एकाच रंगाचा असतो. १९३८ मध्ये अमेरिकेत बर्गन टॉय कंपनीने ते काढायला सुरुवात केली तेव्हा ते रंगवलेले असत, पण पुढे रंगवणं सुटलं आणि हे असं झालं. चेहरा, कातडी, बूट, बंदूक, सगळं एका साच्यातून एका रंगात. साचा करणाऱ्याला रंगाची मदत नसते, त्यामुळे तो माणूस कोण आणि काय करतोय हे सगळं त्याला ढबीतच सांगावं लागतं. गेम करणाऱ्यांनी ती ढब उचलली. आमच्या टीव्हीने रंग काढून घेतला तरी खेळ उरला, तो यामुळे. मग हा निव्वळ बिघाड कसा?

हे मी मोठ्या आनंदाने स्वतःला सांगितलं आणि लगेच माझंच मन म्हणालं, मग श्रेय त्या साच्याचं. गेमने त्यावर काय घातलं? यावर मी कधी म्हणते, तो ओटा घातला, ती दारं घातली. कधी म्हणते, बीडीडीतल्या त्या खोलीत मला कुठल्याही गेममध्ये ओटा दिसला असता. दोन्ही वेळा मला मनापासून तसंच वाटतं.

पण मला त्या सैनिकांची काळजी होती, हे मात्र बिघाडाने केलेलं नाही. २००४ मध्ये, थ्रीडीओ बुडाल्यानंतर, दुसऱ्या कंपनीने ‘सार्जेस वॉर’ बाजारात आणला. त्यात सुरुवातीलाच सार्जची मैत्रीण विकी, हिरव्यांचे कर्नल ग्रिम आणि सार्जची तुकडी, ब्राव्हो कंपनी, बॉम्बस्फोटात मरतात. ज्यांच्यासाठी मी करड्या पडद्यावर डोळे ताणून बसले होते ते सगळे! मी तो पुढे खेळलेच नाही.

वर्गात मी मुलांना त्यांच्या लेव्हलमधले सगळे रंग काढायला लावते आणि मगच खेळून बघते. शत्रू कोण हे तेव्हाही कळलं पाहिजे. हे कुठून आलं असं विचारतात, तेव्हा मी गेम सांगते, मुलाखत सांगते आणि सरांचं वाक्यही जसंच्या तसं सांगते. कुणाचं बरोबर, असं विचारलं की बहुतेक हात सरांच्या बाजूने वर जातात. मग मी खडू ठेवते आणि त्यांच्याशी वाद घालते.