नसलेली दाढ

मे महिन्यात लालबागला दुपारी दवाखाना वेळेत बंद केलेला बरा. मसाला गल्लीतले मिरची कुटायचे डंक जोरात चालू असतात, वाऱ्याबरोबर मिरचीची धूळ आत येते आणि डॉक्टर-पेशंट दोघंही शिंकत बसतात. त्या दिवशी कंपाउंडरने शटर अर्धं ओढलेलं असताना त्याखालून वाकून मावशी आत आल्या. हातात बेडगी मिरचीची पिशवी.

"डॉक्टर, दाढेची गोळी द्या. मागची संपली."

केसपेपर काढला. पंधरा दिवसांपूर्वीचं माझंच अक्षर होतं: दाढदुखी, गोळ्या ५ दिवस. त्या दिवशी बाकावर वीसेक माणसं होती आणि मी मावशींचं तोंड उघडून पाहिलंच नव्हतं. आज पाहिलं. खालच्या हिरड्या तान्ह्या बाळासारख्या गुळगुळीत.

"मावशी, दाढ कुठाय?"

"कवळी घरी राहिली."

"मग दुखतंय काय, कवळी?"

त्या हसल्या, पण जबड्यावरचा हात काही काढला नाही. "अख्खा जबडाच ठणकतो हो. जिना चढले की सुरू होतं, वर जाऊन टेकले की थांबतं. आज डंकापाशी रांगेत उभी होते, तेव्हापासून थांबेचना."

"छातीत?"

"छातीत काही नाही. मळमळतंय जरा. गॅस असणार. शेजारणीने ओवा दिला."

घाम तर मुंबईत मे महिन्यात सगळ्यांनाच येतो. मावशींच्या कपाळाला हात लावला, तर ते गार होतं. वय ६१, १४ वर्षांचा मधुमेह, बीपीची गोळी आठवेल तेव्हा. हृदयाकडून आणि जबड्याकडून येणाऱ्या वेदनेच्या वाटा मेंदूत जाताना एकमेकींत मिसळतात, त्यामुळे कळ कुठून आली ते मेंदूला नीट उमगत नाही. त्यात मधुमेहाने नसा बोथट झालेल्या, म्हणजे छातीतली कळ जाणवेलच असं नाही. हे सगळं मला पंधरा दिवसांपूर्वीही माहीत होतं.

ईसीजी काढला. जवळपास ठीक. तेवढ्यात मुलगा आला, कागद बघून म्हणाला, "नॉर्मल आहे ना? मग आईला घरी नेतो. पडली जरा की बरं वाटेल."

मी म्हटलं, पंधरा मिनिटं थांब. सुरुवातीला ईसीजी साफ दिसू शकतो, हे खरं. पण त्या पंधरा मिनिटांत मलाही वाटून गेलं, की उगाच घाबरवतोय का?

ऑक्सिमीटर लावायला बोट धरलं, तर तर्जनीचं टोक काळंकुट्ट.

"तंबाखू नाही म्हणाला होतात ना?"

"नाहीच. मशेरी लावते नुसती."

आपल्याकडे बायकांना तंबाखूबद्दल विचारून उपयोग नाही, मशेरीबद्दल विचारावं लागतं. दात पडले तरी हिरड्यांवर ती चोळली जातेच. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात नुसता तंबाखू चघळणाऱ्यांतही हार्ट अटॅकचा धोका दुपटीहून जास्त निघाला होता.

दुसरा ईसीजी. दोन, तीन आणि एव्हीएफ या नावाच्या तिन्ही पट्ट्यांत रेघ वर उचललेली, म्हणजे हार्ट अटॅकच. हृदयाचा खालचा भाग. नाडी ५०, बीपी ९४/६०. मुलाने खिशातून जिभेखाली ठेवायची गोळी काढली, कुणा शेजाऱ्याने दिलेली. मी त्याचा हातच धरला. अशा अटॅकमध्ये कधीकधी हृदयाची उजवी बाजूही सापडते, आणि मग त्या गोळीने आधीच खाली आलेलं बीपी पार कोसळतं. अ‍ॅस्पिरिन मात्र लगेच द्यायची होती, तीही चावून. चावणार कशाने? कंपाउंडरने दोन चमच्यांमध्ये दाबून तिची पूड केली. १०८ ला फोन लावला आणि मीही सोबत बसलो.

परळच्या रुग्णालयात उजवी रक्तवाहिनी पूर्ण बंद सापडली. एक स्टेंट बसला. बाहेर बाकावर मुलगा पुन्हा पुन्हा तेच विचारत होता, "दोन वर्षांपूर्वी स्ट्रेस टेस्ट नॉर्मल होती, मग एवढ्यात ब्लॉक आला कुठून?"

लोकांना वाटतं, नळात गंज साचतो तसा ब्लॉक आतून साचत जातो. मी त्याला पुरणपोळीचं सांगितलं. चरबी रक्तवाहिनीच्या भिंतीतच भरते, पारीत पुरण भरावं तशी. साखर, बीपी, तंबाखू यांनी आतलं अस्तर दुखावलं की कोलेस्टेरॉल आत शिरतं, पांढऱ्या पेशी ते खाऊन फुगतात. वर्षानुवर्षं वाट तशी मोकळीच असते, म्हणून टेस्टही पास होते. मग एक दिवस पारी पातळ पडून फुटते, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि काही मिनिटांत वाट बंद. कोरियाच्या युद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं झाली, सरासरी वय २२, आणि दर चारांतल्या तिघांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत हे दिसू लागलेलं. १९५३ साली छापून आलंय. मुलाचं वय ३४. तो गप्प झाला आणि नकळत खिशातलं सिगारेटचं पाकीट चाचपू लागला.

जूनमध्ये मावशी आल्या, माझ्यासाठी मसाल्याची पुडी घेऊन. कवळी घातलेली. पंधरा दिवस आधीची चूक मी त्यांना सांगितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही तरी काय करणार, मीच दाढ म्हणाले ना." मला काही त्याने बरं वाटलं नाही.

नाडी बघताना तर्जनी पाहिली. काळीच.

"जुना डाग आहे, डॉक्टर. जात नाही."

मी स्पिरिटचा बोळा घेऊन पुसला. गेला.