कारखाने आणि गल्ल्या बघायला का जाते?

“सुट्टी मिळाली की लोक कोकणात जातात, महाबळेश्वरला जातात. तुम्ही सातारा-सांगलीकडच्या कारखान्यांत आणि गल्लीबोळांत काय बघायला जाता?” हा प्रश्न मला नेहमी येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

वस्तू जिथे घडते तिथे उभं राहून, ती इथेच का घडली हे मला समजून घ्यायचं असतं. त्यासाठी पुणे-मिरज रेल्वेमार्गासारखी जागा नाही. कराडचं स्टेशन खरं तर ओगलेवाडीत आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरातले ‘प्रभाकर’ कंदील तिथल्या ओगल्यांच्या काचकारखान्यातले. तो कारखाना आता बंद आहे, पण गावाला नाव त्याचंच राहिलंय. पुढे किर्लोस्करवाडी लागते. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तिथली जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या राजाने, म्हणजे पंतप्रतिनिधींनी, त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. साल १९१०. नुसता निवडुंग माजलेला माळ! किर्लोस्कर लोखंडी नांगर बनवायचे, पण त्याने जमीन विषारी होते, असं तेव्हा शेतकऱ्यांना वाटायचं. तो नांगर विकायचा म्हणजे आधी माणसाची भीती घालवायची. ओगल्यांचा कारखानाही औंध संस्थानातलाच. एका लहानशा संस्थानाच्या राजाने उद्योगांना हात दिला आणि शेजारून रेल्वे जात होती, म्हणून माळावर गावं उभी राहिली. हे पुस्तकात वाचलं होतंच, पण फलाटावर उतरून आजूबाजूचा ऊस आणि मागचा माळ बघितला की पटतं. औंधला त्याच राजाने १९३८ साली उभारलेलं भवानी संग्रहालय आहे, तेही जमलं तर बघाच.

पण माझा जीव गुंतलाय तो मिरजेत. इथले तंतुवाद्य बनवणारे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. लढाया संपल्या, शस्त्रांचं काम गेलं आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर वाद्यांकडे वळले. लोखंडावर बसलेला हात लाकडावर बसला. सतार-तंबोऱ्याच्या खालच्या गोल भागासाठी लागणारे भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातून, भीमाकाठच्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. ते कडू असतात, खायच्या कामाचे नाहीत. पूर्ण वाळलेला भोपळा भिजवायचा, कापायचा, आतला गर-बिया खरवडून काढायच्या आणि मग त्याला हवा तो आकार द्यायचा.

सगळ्यात बघण्यासारखं काम म्हणजे जवारी लावणं, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज जुळवणं. कारागीर मांडीवर तंबोरा घेऊन घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा अगदी हलकेच कानस. तारेखाली सुताचा धागा सरकवतो. घोडीची पाठ किंचित उतरती असते आणि तार तिला घासत कंप पावते, म्हणून तो गुंजणारा आवाज निघतो. उतार जरा कमीजास्त झाला की स्वर एक तर बंद पडतो, नाहीतर झणझणतो. यंत्र लावून मोजावं असं त्यात काही नाही, सगळा निवाडा कानाचा. ज्यांच्या हातून तंबोऱ्याला आवाज मिळतो, त्यांची नावं मैफलीत कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ही वस्तू याच गावची अशी सरकारी ओळख, मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण खिशात मावणारा इलेक्ट्रॉनिक तंबोरा आल्यापासून खरा तंबोरा घेणारे कमी झालेत आणि हे काम शिकायला बसणारी पोरंही. मानांकनाने गिऱ्हाईक आपोआप येत नाही. आपण जायला हवं.

तेव्हा पहिल्यांदा जाणार असाल तर थेट मिरजेला जा. चालू कारखान्यात परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, पण सतारमेकर गल्लीत दुकानं रस्त्यालाच आहेत. आधी विचारा, मग फोटो काढा. जवारी चालू असेल तर बोलू नका, कारागिराला तार ऐकायची असते. जमलं तर मिरजेतले सूफी संत ख्वाजा मीरासाहेब यांच्या उरुसात जा. दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, आणि ज्यांची दुकानं दिवसा बघितली ते कारागीर रात्री तिथेच ऐकायला बसलेले भेटतील.