मामाने न विचारलेलं गाव

आमच्या घरात अम्मान हे नाव जॉर्डनच्या आधी आलं. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळलं तेव्हा माझा मामा तिथे हवल्ली भागात राहायचा आणि एसी दुरुस्तीची कामं करायचा. बसने बगदाद, तिथून जॉर्डनची हद्द, वाळवंटात तंबूत अकरा दिवस, मग अम्मान आणि अम्मानहून एअर इंडियाने सहार विमानतळ. त्या दोन-अडीच महिन्यांत सुमारे १ लाख ७० हजार भारतीय कुवेतहून परतले, बहुतेक जण याच वाटेने.

हे सगळं मामा रंगवून सांगायचा. पण एक गोष्ट सांगताना त्याचा आवाज खाली यायचा. निघायच्या आदल्या रात्री त्याचा फोरमन खोलीवर आला. फोरमन पॅलेस्टिनी होता. हातात खुब्झने, म्हणजे तिकडच्या चपट्या रोटीने, गच्च भरलेली पिशवी. वाटेत काही मिळणार नाही, असू दे, म्हणाला. मामाने विचारलं, "तुम्ही कधी निघणार?" त्यावर तो काही बोलला नाही. गोष्ट इथेच संपायची.

मामाला जाऊन दोन वर्षं झाली. ताई, म्हणजे त्याची मुलगी, म्हणाली, अम्मान बघायचंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघी निघालो. शेजारी युद्ध चालू असताना कशाला जाताय, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पेट्रा सुंदर आहे आणि जवळजवळ रिकामं होतं, घोडेवाले आणि दुकानदार हताश बसलेले. वादी रममध्ये थंडी वाजली. जेराशला रोमन खांबांचे शेकडो फोटो काढले. पाच दिवसांचं एवढंच लिहिते, कारण मला सहाव्या दिवसाबद्दल लिहायचंय.

सहाही दिवस एकच ड्रायव्हर होता. चाळिशीतला, कमी बोलणारा. मृत समुद्राहून परतताना संध्याकाळी त्याने एका वळणावर गाडी थांबवली. दरीपलीकडे डोंगरावर दिवे लुकलुकत होते. "अल-कुद्स," तो म्हणाला. जेरुसलेम. अम्मानपासून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर. मी विचारलं, "तुम्ही जाऊन आलात?" त्याने मान हलवली, नाही. मग ताईने त्याला मामाची गोष्ट सांगितली. हवल्ली हे नाव ऐकताच त्याने वळून बघितलं. "माझा खालो तिथेच होता. उद्या जेवायला घरी या." खालो म्हणजे आईचा भाऊ. त्याचाही मामाच.

घर अम्मानच्या वहदात भागात होतं. हॉटेलच्या काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं, "तिथे बघण्यासारखं काही नाही, ती निर्वासितांची छावणी आहे." मला त्या उत्तराचा राग आला. पण खरं सांगायचं तर मीही मनात तंबूच धरून चालले होते. तंबू सत्तर वर्षं टिकत नाहीत. वहदात १९५५ मध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी वसवलं गेलं. या शब्दाचा अर्थच 'एकके', एकेका कुटुंबाला दिलेल्या एकेका खोलीवरून हे नाव पडलेलं. आता त्या खोल्यांवर मजले चढलेत आणि गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. भाजीबाजार एवढा मोठा आणि गजबजलेला की अम्मानच्या इतर भागांतली माणसंही तिथे येतात. अर्ध्या चौरस किलोमीटरहून कमी जागेत हे सगळं. घरं लोकांनी बांधलीत, जमीन मात्र त्यांच्या नावावर नाही. भिंतीभिंतीवर वहदात क्लबचा हिरवा रंग. हा फुटबॉल क्लब १९५६ पासूनचा आहे, आणि इथल्यांसाठी तो नुसता क्लब नाही, हे मैदानावर न जाताही कळतं.

ड्रायव्हरच्या आईला सगळे 'हज्जे' म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. ताई मांस खात नाही हे मुलाने आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. हज्जेने तिच्यासाठी फ्लॉवर आणि वांग्याची वेगळी मकलूबा केली होती. मकलूबा म्हणजे उलटवलेली. भात, भाज्या, मांस थरांनी शिजवायचं आणि सगळ्यांसमोर पातेलं परातीत पालथं घालायचं. हज्जेने पातेल्याच्या बुडावर थापट्या मारल्या आणि घर क्षणभर गप्प झालं. थर न मोडता उतरला. "सहतैन!" तुम्हाला दुप्पट आरोग्य लाभो. पुढचा तासभर आग्रह चालला. आजीच्या पंगतीनंतर असा आग्रह मी पहिल्यांदाच अनुभवला.

जेवताना टीव्ही बंद केला होता. आमच्यासाठी केला असावा, कारण हज्जेचा जावई सारखा फोन बघत होता. तो जेराशजवळच्या छावणीत वाढलेला. तिला सगळे 'गाझा कॅम्प' म्हणतात. १९६७ च्या युद्धानंतर गाझाहून आलेल्यांसाठी ती उभी राहिली. १९४८ मध्ये, इस्रायल स्थापन झालं तेव्हा, आलेल्या बहुतेकांना जॉर्डनने नागरिकत्व दिलं, या गाझावाल्यांना नाही. त्यांच्याकडे दोन वर्षांचा तात्पुरता पासपोर्ट असतो, राष्ट्रीय क्रमांक नसतो. क्रमांक नाही म्हणून सरकारी नोकरी नाही. हज्जेची मुलगी जॉर्डनची नागरिक, पण मुलांना नागरिकत्व बापाकडूनच मिळतं, म्हणून तिची दोन्ही मुलं बिनक्रमांकाची. एकाच परातीभोवती बसलेल्या एकाच कुटुंबातले हे दोन दर्जे. जावयाची बहीण गाझात खान युनिसला. तिला पाठवलेल्या मेसेजला नऊ दिवस एकच टिक होती. तो रागावून बोलत नव्हता, रडतही नव्हता. फोन उपडा ठेवायचा आणि दोन घासांनी पुन्हा उलटायचा. ही छावणी जेराशच्या त्या खांबांपासून जेमतेम पाच किलोमीटरवर आहे. तीन दिवसांपूर्वी मी तिथे उन्हात उभी राहून चांगला प्रकाश शोधत होते. कुणी सांगितलं नाही, आणि मीही काही वाचून गेले नव्हते. माझी ही चूक मला अजून सलते.

मग माझ्या तोंडून तो प्रश्न गेला. "हज्जे, तुमच्याकडे इथला पासपोर्ट आहे, मुलांची शिक्षणं इथे झाली. तरी तुम्ही स्वतःला निर्वासित म्हणवता?" मुलगा भाषांतर करायला कचरला. हज्जेने त्याला बोलायला लावलं आणि ऐकून मलाच विचारलं, "तुझा मामा किती वर्षं होता कुवेतला?"

"बारा."

"मग तो कुवेती झाला?"

उत्तर ताईने दिलं. म्हणाली, "बाबा दर मे महिन्यात आंब्याला घरी यायचे. आमच्या रत्नागिरीचा आंबा."

"गावच्या नावाचा आंबा?" हज्जेचा चेहरा उजळला. "आमची याफाची संत्री!"

तिचं गाव बैत दजन, आता इस्रायलमध्ये असलेल्या याफा शहराजवळचं. संत्र्यांच्या बागांचं आणि सुबत्तेचं, तिथल्या बायकांचं भरतकाम सगळ्यात गच्च. एप्रिल १९४८ मध्ये गाव रिकामं झालं. हज्जेचा जन्म १९५३ चा, अम्मानमधला. तिने ना गाव पाहिलं, ना झाडावरचं संत्रं. तरी आतल्या खोलीतून तिने आईचा थोब आणला, पायघोळ, भरतकाम केलेला झगा, आणि छातीवरचे सुरूचे उभे आकार बोटाने दाखवले. ही नक्षी कोणत्या गावची, हे जाणती बाई लांबून ओळखते, म्हणाली. छावणीत गावोगावच्या बायका शेजारी आल्या आणि एकमेकींच्या नक्ष्या मिसळत गेल्या. तिच्या स्वतःच्या थोबवर तीन गावं आहेत. मला हात लावायला दिला. उलट्या बाजूनेही टाके तेवढेच नेटके होते.

ती 'वकाले'च्या शाळेत शिकली. संयुक्त राष्ट्रांची जी संस्था १९५० पासून या निर्वासितांच्या शाळा आणि दवाखाने चालवते, तिला इथे सगळे वकालाच म्हणतात, एजन्सी. आम्ही जायच्या आदल्याच महिन्यात, ऑक्टोबरच्या अखेरीस, इस्रायलच्या संसदेने तिच्यावर बंदीचे कायदे केले होते. हज्जेला रेशनच्या पिठाची काळजी नव्हती. ती म्हणाली, "आम्ही कुठून आलो, ते त्यांच्या वहीत लिहिलंय."

चहाच्या वेळी खालच्या मजल्यावरून खालो आले. पंचाहत्तरी उलटलेले, हातात काठी. बावीस वर्षं कुवेतला गणित शिकवलं. तिथे तेव्हा चार लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी होते, शाळा आणि कचेऱ्या उभारणाऱ्यांतले. पॅलेस्टिनी नेते अराफात इराकच्या सद्दामकडे झुकले आणि युद्धानंतर कुवेतने त्याचा राग या माणसांवर काढला. खालो १९९१ मध्ये दोन बॅगा घेऊन अम्मानला आले. "त्या वर्षी ज्याला त्याला आपापल्या देशाने विमान पाठवलं," ते म्हणाले. सुरात तक्रार नव्हती, पण मला वर बघवेना.

ताईने त्यांना फोरमनची गोष्ट सांगितली. ते एकदम सावरून बसले. कंपनी कोणती? राहायचा कुठे? नाव काय? हवल्लीतल्या बेकऱ्या आणि गल्ल्या त्यांना अजून पाठ होत्या. ताईने तिथूनच रत्नागिरीला मामीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"अबू काहीतरी म्हणायचे गो त्याला," मामी म्हणाली.

खालो हसले. इथे प्रत्येक बाप अबू असतो. त्यांनी हातानेच खूण केली, पुढे विचार. गाव? गाव कळलं तर झालं. त्या गावची माणसं अम्मानमध्ये एकमेकांना धरून आहेत. लग्नं आणि मयती एकत्र करतात. गावाचं नाव सांगितलं की दोन दिवसांत मुलगा-नातू सापडेल.

"मामी, त्याचं गाव कोणतं होतं?"

फोनवर बराच वेळ फक्त मिक्सरचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"गाव? नाय गो. ह्यांनी ते कधी विचारलंच नाय."