मळवलेलं विमान

रविवारी दुपारी सगळं घर पेंगत होतं आणि मी माळ्यावर गेरू शोधत होतो. दिवाळीत कुंड्या रंगवून उरलेली पुडी कुठेतरी ठेवलीय, एवढं आठवत होतं. स्टूल सरकवल्याच्या आवाजाने बायको जागी झाली. "आत्ता गेरू कशाला?" म्हटलं, "विमानाच्या चाकांना धूळ लावायचीय." ती कूस बदलून झोपली. बावीस वर्षांच्या संसारात कुठला प्रश्न पुढे न्यायचा नाही, हे तिला पक्कं कळलंय.

विमान म्हणजे मिग-21 बिस या लढाऊ विमानाचं मॉडेल. एकास बहात्तर प्रमाणातलं, त्यामुळे पंखांचा पसारा जेमतेम दहा सेंटिमीटर. खरं विमान तरी कुठे मोठं, सात मीटर आणि वर वीतभर. तीन आठवडे रोज रात्री तासभर बसत होतो. वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे मास्किंग टेपच्या अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्या कापून केले. घड्याळांच्या तबकड्यांवर टाचणीच्या टोकाने पांढरे ठिपके दिले. वरची काच चिकटवली की यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. तरी करायचं. देव्हाऱ्यामागची भिंत आपण पुसतोच ना.

पण माझा खरा जीव पुढच्या कामात. रंग झाला, डीकॅल म्हणजे नंबर-खुणांचे छापील चिकट तुकडे बसले, त्यावर चकचकीत वार्निशचा हात दिला की विमान शोकेसमधल्या बाहुलीसारखं दिसतं. मग ते मळवायला घ्यायचं. गडद तपकिरी इनॅमल ताकाहून पातळ करायचा आणि ब्रशचं टोक पत्र्यांच्या सांध्याच्या रेघेला नुसतं टेकवायचं. ओढायचं नाही. रंग रेघेतून आपला आपण पळत सुटतो, कांद्याच्या वाफ्यात पाटाचं पाणी शिरावं तसा. हे बघत बसण्यासाठी मी अख्खं विमान बांधतो असं कुणी म्हणालं, तर मी नाही म्हणणार नाही. अर्ध्या तासाने कानकाडी व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून जादाचा रंग पुसायचा, तोही नाकाकडून शेपटीकडे. वारा तसाच वाहतो.

हौशी लोक इथेच वाहवत जातात. जागोजागी पोपडे, गंज, जिकडेतिकडे काळं. अरे, या मापात एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरची खोक! लढाऊ विमान भंगारात जाईपर्यंत रोज कुणीतरी पुसत असतं. माझा आपला एक हट्ट आहे: मळ कुठून आला हे सांगता येत नसेल, तर तो लावायचा नाही. पंखाच्या मुळाशी बुटांचे ठसे, कारण मेकॅनिक तिथून चढतो. इंधनाच्या झाकणाखाली ओघळ. पोटाखालच्या तोफेजवळ काजळी, शेपटीच्या तोंडाशी जळका निळसर-तपकिरी रंग. आणि चाकांना धूळ.

बायकोचं म्हणणं, "नवं आणायचं आणि जुनं करून ठेवायचं. आपले पडदे तर काही न करता झालेत." आमची आई मात्र कोरा कपडा कुंकवाचं बोट लावल्याशिवाय अंगात घालू देत नसे. शाळेचा पांढरा शर्टसुद्धा. मी रडायचो. तान्ह्या बाळाच्या गालावरची तीट घ्या. कोरं करकरीत काही असू नये, असं तिच्या मनात कुठेतरी होतंच. बाबांचं बरोबर उलटं.

बाबा नाशिकजवळ ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात रंगाच्या खात्यात होते. 1964 मध्ये तो कारखाना उभा राहिला आणि गावाच्या नावालाच विमान चिकटलं. कुठे राहता? ओझर मिगला. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा फाटकातून बाहेर पडायचा, त्यात बाबा असायचे, हातांना थिनरचा वास. चाचणीचं विमान डोक्यावरून गेलं की बाई फळ्यावरचा खडू तसाच धरून थांबायच्या. आवाज विरला की पुढचा शब्द.

1986 च्या दिवाळीत बाबांनी घराचं ग्रिल रंगवलं. आधी पॉलिशपेपर, मग प्रायमर, मग तीन हात. प्रत्येक हातानंतर डोळे मिटून गजांवरून तळवा फिरवत. "कण डोळ्याला नाही दिसत, हाताला दिसतो," म्हणायचे. तिसरा हात ओला असताना मी वाळलाय का बघायला अंगठा लावला. बाबा ओरडले नाहीत, पण त्या दिवाळीत पुन्हा माझ्याशी धड बोललेही नाहीत. घर नंतर सोडलं. शेवटच्या दिवशी कुलूप लावताना मी वाकून पाहिलं, ठसा होता.

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 चा निरोप समारंभ झाला. बासष्ट वर्षांनी. बाबा टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसले होते. पाण्याच्या कमानीखालून विमान गेलं तेव्हा म्हणाले, "धुतलंय छान." बाकी काही नाही. मिगचं काहीही टीव्हीवर लागलं तरी ते असेच. 2012 मध्ये संरक्षणमंत्र्यांनी राज्यसभेत आकडा सांगितला होता, मिगच्या अपघातांत गेलेल्या वैमानिकांचा: 171. तेव्हा बाबांनी चॅनेल बदललं होतं.

तर गेरू सापडला. चिमूटभर वस्त्रगाळ करून सुक्या ब्रशने चाकांना लावत होतो, तेवढ्यात बाबा झोपून उठून आले. पेपर वाचायचं भिंग घेतलं आणि विमान खिडकीशी नेलं.

"हे काय केलंस?"

"मळवलं."

"आमच्याकडून असलं बाहेर पडत नव्हतं."

"बाहेर पडल्यावर मळलं असेल ना, बाबा."

त्यावर हसले. पंखाच्या मुळाशी बुटांचे ठसे होते, तिथे भिंग जरा थांबलं. पसंत पडले असावेत. मग भिंग नंबरावर आलं आणि तिथेच राहिलं. डीकॅलच्या कागदावर पाच-सहा नंबर होते. त्यातला मला आकडे सुबक वाटले म्हणून हा लावला होता.

"हा कशाला घेतलास?"

"का?"

"वर्षभरसुद्धा नाही उडालं हे. इंजिनात पक्षी गेला म्हणे." त्यांनी विमान परत टेबलावर ठेवलं, चाकं वर्तमानपत्राला नीट टेकतील असं. "एक तर नंबर बदल, नाही तर हे सगळं पूस."

आणि चहा ठेवायला सांगून बाल्कनीत गेले.

नंबर वार्निशखाली गेलाय, तो आता निघत नाही. मी कानकाडी ओली केली. चाकांवरचा गेरू लगेच सुटला. बुटांचे ठसे थोडं घासल्यावर गेले. रेघांतला रंग अजून काढतोय.